बार्शी लाईट १:८७ : तीन फळ्यांवरच्या नॅरोगेजच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, लातूर

बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं छोटं मॉडेल करायचं आहे. माप ठरलं, १:८७.

बार्शी लाईटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. ८७ ने भागलं की ८.७६ मिमी येतात. बाजारात एन स्केल या त्याहून लहान मॉडेल-मापाचा जो रूळ मिळतो त्याचा गेज ९ मिमी, म्हणजे फरक पाव मिलिमीटरच्याही आत. तेव्हा मोटर, चाकं, रूळ, सांधे (गाडीची लाइन बदलणारे) एनचे तयार घ्यायचे आणि डबे, घरं, झाडं, माणसं १:८७ ची करायची. युरोपात या जोडीला एचओई म्हणतात. ब्रिटनमध्ये हाच रूळ १:७६ च्या मापाला वापरतात, पण तिथं ९ मिमी म्हणजे सव्वादोन फूट होतात आणि आपल्या अडीच फुटी गाडीखालचा रूळ अरुंद दिसेल. ब्रॉडगेजचा विचार सोडून दिला. त्याला १:८७ ला १९.२६ मिमीचा रूळ लागतो. दुकानातला १६.५ चा टाकला तर गाडी अंगानं बरोबर आणि पायानं आखडलेली दिसते.

कोणती लाइन करायची हा प्रश्न कधीच नव्हता. लातूर ते कुर्डुवाडी. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ही रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज, सगळी मिळून ३२५ किमी. त्याचं सूत्र असं: एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि भार सगळ्या आसांवर सारखा वाटायचा. मग दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळही मोठ्या रुळाचं काम करतो. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी–लातूर ब्रॉडगेज झाला. मिरज आणि लातूर ही कॅलथ्रॉपच्या रेल्वेची दोन टोकं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पाणी घेऊन आलेली गाडी मिरजेहूनच निघाली होती. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ही लाइन परकी वाटूच शकत नाही.

९ जून

लहान स्टेशनचं आवार ३०० मीटर धरलं तरी १:८७ ला साडेतीन मीटर होतं. शिवाय घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, आणि काम झालं की सगळं दिवाणाखाली गेलं पाहिजे.

पण कायम मांडून ठेवायचं मॉडेल मला तसंही नको आहे. ही गाडी ज्यांनी पाहिली ती माणसं मुरूड, ढोकी, येडशी, पांगरी, बार्शी अशी लाइनभर पसरलेली आहेत. त्यातली बरीच आता म्हातारी झालीत. ती लातूरला माझ्या घरी येणार नाहीत, फळ्याच त्यांच्यापर्यंत गेल्या पाहिजेत. म्हणून वजन, जोड आणि वीज या तीन गोष्टी आधी, देखणेपण नंतर.

ऑटोच्या मागच्या सीटची लांबी मोजली आणि फळीचं माप ९०० × ३०० मिमी पक्कं केलं. अशा तीन फळ्या: पहिलीवर स्टेशन, दुसरीवर शेत आणि मोरी, तिसरी उघडी, गाड्या बदलायला. इंजिन आणि तीन डबे मिळून ४५ सेमी. स्टेशनातली लूप लाइन ६० सेमी ठेवली तर गाडी आत घेऊन इंजिन दुसऱ्या टोकाला फिरवता येतं. बाकी सगळं या ६० सेमींवरून ठरेल.

२३ जून

वरचा प्लाय ६ मिमी, कडेच्या पट्ट्या ९ मिमीच्या, ७५ मिमी उंच. मध्ये दोन आडव्या पट्ट्या, त्यांना वायरसाठी भोकं. मिस्त्रींना वाटलं लहान मुलांच्या पाळण्याचं काम आहे. "एवढा पातळ प्लाय वाकंल की हो सर," म्हणाले. आडव्या पट्ट्या ठोकल्यावर त्यांनीच फळी दोन टोकांना टेकवून मधे हातानं दाबून बघितली आणि मान डोलावली. नुसती फळी अडीच किलोच्या आत बसली.

७ जुलै

आज फक्त जोड.

सुटसुटीत मॉडेलचा सगळा जीव दोन फळ्यांच्या जोडात असतो. एनच्या चाकाची कडा मिलिमीटरभरसुद्धा खोल नसते. जोडावर एक रूळ पाव मिलिमीटर वर आला किंवा बाजूला सरकला की गाडी उतरलीच. नुसत्या नट-बोल्टवर भरवसा ठेवता येत नाही, कारण बोल्टच्या भोकात बोल्ट हलायला जागा लागतेच. बोल्ट फळ्या एकमेकींना आवळून धरतो, जागेवर आणत नाही. जागेवर आणायचं काम पिन आणि बुशचं, म्हणजे पिन घट्ट बसते त्या नळीचं.

एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून पितळी बुश करून घेतले, बाहेरून १० मिमी, आतून ६. पिनही पितळेचीच, टोकाला निमुळती. त्यांना ट्रॅक्टरच्या कामाची सवय, पण पिन बुशात घालून पाहिली आणि स्वतःहूनच परत काढून आणखी एक हात फिरवला. आता पिन हाताच्या दाबाने जाते, शेवटी टक् करून बसते, आणि बाजूला ढकलली तर हलत नाही.

भोकं फळीवर मोजून पाडली नाहीत. ५ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीचा एक जिग, म्हणजे भोकं पाडायचा साचा, केला: दोन बुशांची भोकं २०० मिमी अंतरावर, त्यांच्या आत दोन एम६ बोल्टची. प्रत्येक टोकाची पट्टी याच जिगमधून निघाली. त्यामुळे कुठलीही फळी कुठल्याही फळीला लागते. बुश डाव्या टोकाला, पिन उजव्या टोकाला, हा नियम कधी मोडायचा नाही. बोल्टला विंग नट, म्हणजे पाना शोधावा लागत नाही.

२१ जुलै

पावसाची झड. हवेतली ओल प्लायमध्ये शिरते आणि फळी पिळवटते. सगळ्या बाजूंना, खालून आणि भोकांच्या आतूनही प्रायमरचे दोन हात दिले. कडा जास्त पितात, त्यांना तिसरा. गुण्या लावून पाहिला, चारही कोपरे गुण्यात आहेत.

१५ ऑगस्ट

सकाळी झेंडावंदन, मग दिवसभर रूळ.

पेको कंपनीचा ९ मिमीचा नॅरोगेज रूळ मुंबईहून मागवला होता. एनचा साधा रूळ स्वस्त पडला असता, पण त्याचे स्लीपर बारीक आणि दाट असतात, ते मेन लाइनचे दिसतात. नॅरोगेजचे स्लीपर विरळ आणि थोडे वेडेवाकडे हवेत. नजर आधी तिथंच जाते.

उंची मात्र खटकते. हा कोड ८० चा रूळ, म्हणजे ०.०८० इंच, २.०३ मिमी. ८७ ने गुणलं की १७७ मिमी. आजच्या ब्रॉडगेजवरच्या मीटरला ६० किलोच्या रुळाची उंची १७२ मिमी आहे. म्हणजे कॅलथ्रॉपच्या हलक्या लाइनवर त्याहूनही उंच रूळ पडला. उपाय रंगाचा: रुळाच्या दोन्ही बाजू गंजाच्या गडद तपकिरी रंगाने मारल्या, वरची चकाकी तेवढी ठेवली, आणि माती स्लीपरच्या वरपर्यंत चढवायची ठरवली. तीन फुटांवरून पाहिलं तर आता फक्त एक बारीक रेघ दिसते.

जोडावर रूळ कसा धरायचा हे आधीपासून डोक्यात होतं. दोन्ही फळ्या बोल्टने आवळायच्या आणि रूळ सलग एका फळीवरून दुसरीवर न्यायचा. जोडाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे शेवटचे दोन स्लीपर काढून त्यांच्या जागी तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डच्या पट्ट्या स्क्रूने बसवायच्या आणि रुळाला तिथं सोल्डरचा डाग द्यायचा. तांब्याच्या थराला मधोमध कानशीने खाच पाडायची, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतात. मग सोनाराच्या करवतीने बरोबर जोडावर रूळ कापायचा. सराफ लाइनीतून पात्यांचं बंडल आणलं. पातं केसाइतकं बारीक असतं, त्यामुळे कापल्यावर फट जवळजवळ उरतच नाही. बोल्ट सोडून, फळ्या वेगळ्या करून, परत जोडून बोट फिरवलं. नखाला काही लागलं नाही.

उन्हाळ्यासाठी मात्र फट लागते. हिवाळ्यातली पहाट आणि लातूरचा मे यांत ३० अंशांचा फरक सहज पडतो. निकेल सिल्व्हरचा ९०० मिमी रूळ त्यात जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं डागाने पक्की असल्यामुळे तो मधेच कुठेतरी वर उचलेल. म्हणून प्रत्येक फळीच्या मधोमध, रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या जोडपत्तीच्या आत, अर्ध्या मिलिमीटरची फट सोडली.

२५ ऑगस्ट

वायरिंग. प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर, कारण जोडपत्तीवर विजेचा भरवसा टाकायचा नाही. धूळ गेली की ती रुसते. फळीखालून जाड लाल-काळी जोडी, दोन्ही टोकांना चार पिनांचा गोल कनेक्टर. दोन पिना रुळाला, दोन स्टेशनच्या दिव्यांना.

सांध्यांचं क्रॉसिंग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, धातूचं घेतलं. नॅरोगेजचं इंजिन आखूड, प्लॅस्टिकच्या क्रॉसिंगवर सावकाश जाताना ते वीज तुटून उभं राहतं. धातूच्या क्रॉसिंगची ध्रुवता सांध्याबरोबर बदलावी लागते, त्यासाठी फळीखाली सरकता स्विच, आणि स्विच व सांधा दोन्ही एकाच सायकलच्या आऱ्याने ओढायचे. आरा फळीच्या पुढच्या कडेतून बाहेर येतो, टोकाला लाकडी मणी. मोटर नाही, बिघडायला काही नाही.

वीज १२ व्होल्टच्या, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर, यूपीएसमध्ये असते ती. इंजिन पाव अँपिअरच्या आसपास घेतं. लाइट गेली तरी, आणि शेतात लाइट नसली तरी, गाडी चालते. मधे एक अँपिअरचा फ्यूज.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. खडी.

रेल्वेच्या खडीचा दगड साधारण २० ते ६५ मिमीचा. १:८७ ला पाव ते पाऊण मिलिमीटर. खडी केंद्रावरून पिशवीभर कच आणली, आपल्याच काळ्या दगडाची. आधी चहाच्या गाळणीने मोठं काढलं, मग मैद्याच्या चाळणीने पीठ काढलं, मधलं ठेवलं. धुऊन गच्चीवर वाळवलं. रंग द्यायची गरजच नाही, हा तोच दगड आहे.

पण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि मॉडेलच्या मोटरमध्ये चुंबक. रुळावर अशी कच टाकली तर इंजिन जाता जाता तिचे कण ओढून घेतं आणि गिअर घासले जातात. जुन्या स्पीकरचं चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळलेल्या कचेवर फिरवलं. पहिल्याच फेरीत पिशवीभोवती काळे काटे उभे राहिले, साळिंदरासारखे. पिशवी उलटी केली की चुंबक बाहेर आणि कण आत. चुंबक स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहिलो. बाहेरून विकतची खडी आणणाऱ्यालाही सांगेन, आधी चुंबक फिरवून बघा. मराठवाड्यातल्या दगडाला तर हे लागतंच.

चिकटवायला फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. साबणाशिवाय पाणी खडीवर गोळे होऊन बसतं, आत जात नाही. औषधाच्या सिरिंजने थेंब थेंब सोडलं.

२९ सप्टेंबर, येडशी

लाइन बघायला गेलो. ब्रॉडगेज धाराशिववरून वळवल्यामुळे जुन्या नॅरोगेजची वाट काही ठिकाणी सोडून दिली गेली. रामलिंगच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात फिरलो. श्रावण-भाद्रपदाचं गवत कमरेएवढं.

गावात एक निवृत्त गँगमन भेटले. मी फोनवर फळीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

"खडी लई टाकली तुमी."

म्हटलं, काका, खडी नव्हती का?

"व्हती की. पर ह्या दिसात कुटं दिसतीय ती? आमाला रूळ दिसत न्हवता, गवत दिसत व्हतं. गवतावर पाणी पडलं की इंजिनाचं चाक जाग्यावर फिरायचं. आमी खुरपं घिऊनच लाइनीवर."

मग त्यांनी जमिनीवर काडीने रेघ ओढून दाखवलं: रुळाच्या आतल्या बाजूला हातभर छाटलेलं, बाहेर मोकाट. छाटलेलं गवत वाळून पिवळं पडतं, बाहेरचं हिरवं. फोटोत सापडणार नाही अशी ही गोष्ट आहे. मी तिथंच बसून वहीत काढून घेतली.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. रुळाच्या आत पिवळं आखूड गवत, बाहेर हिरवं उंच, खडी मधून मधून डोकावते. फळी एकदम येडशीकडची झाली.

शेताचं काम मनासारखं झालं. काळी माती तव्यावर भाजून घेतली, नाहीतर तिच्यातलं बी उगवतं. भाजलेली माती बारीक चाळून, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून तीन मिलिमीटर जाडीचा थर दिला. दुसऱ्या दिवशी तिला आपोआप भेगा पडल्या होत्या. काळी माती वाळली की आकसते. थर पातळ तर भेगा बारीक आणि जवळ जवळ, थर जाड तर रुंद आणि लांब लांब. तीन मिलिमीटरला पडलेली भेग मिलिमीटरभर रुंद, म्हणजे खऱ्या शेतात नऊ सेंटीमीटर. उन्हाळ्यात आमच्या रानात तेवढ्याच पडतात.

बाभळीसाठी तुराट्यांचे शेंडे, वर स्पंज मिक्सरमधून काढून हिरवा रंगवलेला. बाभूळ वरून पसरट करायची, गोल नाही. सहा मीटरची धरली तर ६९ मिमी. ज्वारी केरसुणीच्या काड्यांची, २३ मिमी उंच, टोकाला भुशाचा दाणा. एका पट्ट्यात करडई, तिची फुलं हळदीत थोडा कुंकवाचा रंग मिसळून.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. ताईकडून आल्यावर संध्याकाळी डबे.

इंजिनाला आणि डब्यांना कॅटो कंपनीचे तयार बोगी सांगाडे घेतले. डब्यांचं अंग अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटचं. खिडक्या आधी सलग पट्टीत कापायच्या, मग पट्टी वाकवायची. उलट केलं तर चौकट चिरते. रंग गडद तांबडा. आण्णा शेजारी बसून होते. कॉलेजला असताना ते याच गाडीने बार्शीला जायचे. डबा हातात घेऊन म्हणाले, "खिडकीला आडव्या दांड्या राहिल्या बघ." ०.३ मिमीची तांब्याची तार लावली, प्रत्येक खिडकीला दोन.

स्टेशनची पाटी: पिवळी, काळी अक्षरं, तीन भाषांत. लेझर प्रिंटवर घेतली. भिंगातून "येडशी" स्पष्ट वाचता येतं.

१ डिसेंबर

बांधणी. दोन फळ्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या करायच्या आणि दोन्ही टोकांना प्लायच्या पट्ट्या लावून डबा करायचा. पट्ट्यांची भोकंही त्याच जिगमधून, म्हणून तेच बोल्ट, त्याच पिना. देखावा आत बंद, बाहेर फक्त लाकूड. मधली जागा एका बाजूला १४० मिमी मिळते. कडुनिंब तेवढाच उंच आहे, तरी तो भोकातून उपसून वेगळा न्यायचा. डब्याचं माप ९०० × ३०० × ४३०. ऑटोत बसला. तिसरी फळी आणि बॅटरी मांडीवर.

३० डिसेंबर, मामाच्या शेतात

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे आज घरात कुणी थांबत नाही. कडब्याच्या खोपीत पूजा, भज्जी, उंडे, अंबील, आणि रानभर पाहुणे. मॉडेल लोकांपुढे न्यायला याहून चांगला दिवस नाही.

आंब्याखाली दोन टेबलांवर फळ्या लावल्या. जमीन ढेकळांची, टेबलाच्या पायाखाली विटांचे तुकडे घालून सपाटी साधली. पिना टक् टक् करून बसल्या, विंग नट आवळले, कनेक्टर लावले. पहिल्यांदा गाडी सावकाश सोडली. दोन्ही जोडांवरून इंजिन न अडखळता गेलं.

रान म्हणजे धूळ. तासाभरात इंजिन झटके द्यायला लागलं. रूळ पुसायला जुन्या सुती धोतराचा तुकडा आणि स्पिरिट सोबत होतं. वाराही होता, त्यामुळे आतल्या बाजूला एक चादर आडवी बांधली.

मुलं गाडीमागे होती, पण थांबून राहिली ती मोठी माणसं. मामी म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आले ती याच गाडीने, आणि कोणत्या डब्यात कुठं बसले ते बोटाने दाखवलं. एका आजोबांनी रुळाच्या मधलं छाटलेलं गवत बघून विचारलं, "गँगमनला विचारून केलंय का हो?" मी हो म्हटलं. आण्णा कंट्रोलरवर बसले ते उठलेच नाहीत. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरली.

बार्शीहून आलेले एक मास्तर जोड उघडून बघत होते. शाळेतल्या मुलांकडून बार्शीचा भाग करून घ्यायची त्यांची इच्छा आहे.

५ जानेवारी २०२५

तपासणी. जोडांवर बोट फिरवलं, रूळ समपातळीत. एका पिनेच्या स्क्रूला अर्धा आटा ढिलाई आली होती, लॉक वॉशर घातला. कचेचे चार-दोन ठिकाणचे दाणे सुटलेत, सिरिंजने परत चिकटवले.

मास्तरांसाठी जिगची दुसरी प्रत लेथवाल्याकडे टाकली. सोबत कागदावर द्यायचं ते असं: फळीची रुंदी ३०० मिमी. टोकाच्या पट्टीची उंची ७५. रुळाची मध्यरेषा पुढच्या कडेपासून १५०, आणि शेवटचे ५० मिमी रूळ सरळ, जोडाला काटकोनात. बुश डावीकडे, पिन उजवीकडे, अंतर २००. कनेक्टरची १ नंबर पिन पुढच्या रुळाला, २ मागच्या रुळाला, ३ आणि ४ दिव्यांना. लांबी त्यांच्या मर्जीची, पण ऑटोत मावली पाहिजे. आपली चौथी फळी घाटाची, तिच्या कडेच्या पट्ट्या पुढच्या रविवारी कापायच्या.